पुढचं उजवं चाक

ॲरिझोनात चँडलरला आल्यापासून सुमंत आगाशेने जितक्या गाड्या घेतल्या, त्या सगळ्या एकाच रंगाच्या होत्या. त्या रंगाचं नाव रीसेल. कधी तो पांढऱ्यासारखा दिसायचा, कधी करड्यासारखा. पण गाडीला हात लावण्याआधी सुमंतने इंटरनेटवर बघून ठेवलेलं असायचं, की पुढे विकताना हिच्याकडे बघून कोणी नाक मुरडणार नाही. मराठी मंडळातली निम्मी कुटुंबं गाडी घेण्याआधी त्याला फोन करत आणि तो सगळ्यांना तीच गाडी सांगे. त्यामुळे गणपतीच्या कार्यक्रमानंतर पार्किंग लॉटमध्ये लोक आपापली गाडी शोधत, हवेत रिमोट दाबत बराच वेळ हिंडत असत.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर एकोणीसशे सत्तरची जॅवलिन घेतली, तेव्हा लोकांनी आधी त्याच्या बायकोला, कांचनला, बाजूला घेतलं.

“डॉक्टरला दाखवलंत का?” सुमंतचा मित्र प्रसन्न याने विचारलं.

“मीच डॉक्टर आहे,” कांचन म्हणाली. “बघितलं. ताप नाही.”

जॅवलिन बनवणारी कंपनी बंद पडून जमाना लोटला होता. म्हणजे रीसेलचा भरवसा नाही, पार्ट मिळत नाहीत, सर्व्हिस सेंटर नाही. गाडी घेताना जे जे बघायचं असं सुमंत तीस वर्षं लोकांना सांगत आला, त्यातलं हिच्यात काहीही नव्हतं. होतं ते पाच लिटरचं इंजिन. ते सुरू केलं की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायची आणि बंद केलं तरी भुंकतच राहायची. त्या काळात अमेरिकन कंपन्या असल्या दोन दारांच्या, आडव्या बांध्याच्या गाड्या वळणावळणांच्या ट्रॅकवर शर्यतीला उतरवायच्या. नुसतं सरळ पळायला बनवलेली ही जनावरं उजवीडावीकडे वळताना बघायला लोक तिकीट काढून यायचे. सुमंतची जॅवलिन त्यातलीच. ॲरिझोनातल्याच कुणा गॅरेजवाल्याने ती दोन हंगाम पळवली होती आणि मग तिच्यावर कापड टाकून तो स्वतःही घरी बसला होता.

गाडीबरोबर एक फोटो आला होता. कृष्णधवल. जॅवलिन उजवीकडे वळते आहे, सगळी डावीकडे कलली आहे, पुढचं उजवं चाक जमिनीपासून वीतभर उचललेलं आहे. ते चाक आठ आऱ्यांचं. मॅग्नेशियमचं. बारीक, सरळ, एकसारखे आठ आरे, मध्ये कसलाही नखरा नाही. सुमंतने तो फोटो पाहिला आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. गाडी त्याने पैसे देऊन घेतली. जीव त्याचा चाकांवर जडला.

ती चाकं गाडीवर नव्हती. ती शोधायला त्याला तीन वर्षं लागली. शेवटी ओहायोमधल्या एका बाईंच्या तबेल्यात पाच सापडली. चार वापरायची आणि एक जादा. त्याच गाडीची, आतल्या बाजूला जुन्या मालकाची खूण कोरलेली. ती आली त्या दिवशी सुमंतने ती दिवाणखान्यात गालिच्यावर मांडून ठेवली आणि कांचन बाहेरून आली तेव्हा तिला म्हणाला, “जरा बाजूने.”

आणि आता शनिवारी शर्यत होती. मारिकोपा गावाच्या पलीकडे वाळवंटात जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा. त्यात सुमंतच्या आयुष्यातली पहिली शर्यत. लायसन्स त्याने काढलं होतं, आग न लागणारा सूट शिवून आला होता, हेल्मेट घालून तो आठवडाभर घरात फिरत होता. राहिला होता एकच प्रश्न. चाकं कुठली लावायची?

सुमंतच्या मते हा प्रश्नच नव्हता. बाकी सगळ्यांच्या मते होता, आणि चँडलरच्या मंडळात प्रश्न निघाला की मीटिंग होते. गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. कांचनने कांदेपोहे केले. प्रसन्न ट्रकमधून चार नवी कोरी चाकं घेऊन आला. ॲल्युमिनियमची, पाच आऱ्यांची, आरे कसे जाडजूड, पैलवानाच्या मांडीसारखे.

“ही बघ,” प्रसन्न म्हणाला. प्रसन्न सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे लोखंडी वस्तूंबद्दल त्याची मतं फार ठाम असत. “ही पण त्याच काळातली डिझाइन. नियमात बसते. नवी आहेत, मजबूत आहेत. विषय संपला.”

“ही या गाडीची नाहीत,” सुमंत म्हणाला.

“अरे, गाडीला कुठे माहितीये?”

“मला माहितीये.”

“यार, मॅग्नेशियम आहे ते. पन्नास-पंचावन्न वर्षं जुनं. आतून चिरतं. बाहेरून दिसत पण नाही. वळणावर एक आरा तुटला ना, तर तू ट्रॅकवर आणि चाक सरळ टूसॉनला. तू आयुष्यभर केलंस काय? चिपच्या कंपनीत डोळ्यांना न दिसणारे दोष शोधलेस. ताटाएवढी ती सिलिकॉनची वेफर, त्यात केसाच्या शंभराव्या भागाएवढी खोट सापडली तरी अख्खी बॅच फेकून द्यायचास. लिफ्टमध्ये तू दिसलास की लोक घाबरून जिन्याने जायचे.”

“ती वेफर होती,” सुमंत म्हणाला. “तिच्याकडे बघून मला कधी काही झालं नाही.”

लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या कांचनने पोह्यांवर थोडं खोबरं जास्त घातलं. मग ती म्हणाली, “माझं एकच म्हणणं आहे. त्र्यंबककाकांनी बघितलं आणि ठीक म्हणाले, तर जुनी लाव. नाहीतर प्रसन्नची.”

त्र्यंबककाका बर्वे म्हणजे शेजारच्या फीनिक्समध्ये सगळ्यात आधी आलेल्यांपैकी. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी एक्स-रे वाचले होते. मंडळातल्या बहुतेकांना काकांनी आतून पाहिलेलं होतं, आणि त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी फार ताठ बसत नसे. चाकं तपासून देणारी रीतसर माणसं फीनिक्समध्ये होती. त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं, यंत्रं होती. पण ती आपल्या ओळखीची नव्हती. ओळखीचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, हे मंडळाचं धोरण गुडघ्यापासून वास्तुशांतीपर्यंत सगळीकडे चालत आलं होतं, ते चाकापाशीच का थांबावं?

एक्स-रेच्या यंत्राचीही सोय झाली. प्रसन्नची मुलगी अनिका क्वीन क्रीकला घोड्यांची डॉक्टर होती. प्रसन्न लोकांना नुसतं “डॉक्टर” सांगायचा, आणि कोणी खोलात शिरलंच तर “ऑर्थोपेडिक” म्हणायचा.

बुधवारी सकाळी टायर काढलेली, आपापली जागा खडूने लिहिलेली पाच चाकं घोड्यांच्या दवाखान्यात दाखल झाली. शेजारच्या कप्प्यात एक तपकिरी घोडी पाय वर धरून उभी होती. तिने सुमंतकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं आणि मान फिरवली. काका इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आले होते. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला.

“हिस्टरी काय?”

“एकोणीसशे सत्तरचं आहे, काका.”

“कधी पडलं-बिडलं?”

“दोन हंगाम पळालंय.”

“म्हणजे आदळलं असणार.” काकांनी मान हलवली. “वजन?”

“फार हलकं आहे, काका. म्हणून तर.”

“हलक्या हाडांचंच मला टेन्शन असतं,” काका म्हणाले. “चल गं अनिका, दाखव.”

अनिकाने एकेका चाकाचा फोटो काढला होता. मॅग्नेशियम हलकं असल्यामुळे घोड्याच्या यंत्रातून ते छान आरपार दिसत होतं. गाडीवर चाकं जशी असतात तसे तिने फोटो स्क्रीनवर लावले. पुढची दोन वर, मागची दोन खाली, जादाचं कोपऱ्यात. आठ आऱ्यांची पाच पांढुरकी फुलं काळ्या आकाशात फुलली. सुमंत पुढे वाकला. आतूनही तितकीच सुंदर होती की!

काका खुर्ची पुढे ओढून एकेक आरा वाचत गेले. मग त्यांनी बोट उचललं. वरच्या ओळीत, एका आऱ्याच्या मुळाशी, केसासारखी काळी रेघ.

“राइट फ्रंट,” काका म्हणाले. “हेअरलाइन फ्रॅक्चर. बाकीची चार, वयाच्या मानाने उत्तम. एन्जॉय.”

सुमंतने मनात वजाबाकी केली. पाचातून एक गेलं, चार उरली. गाडीला लागतात चार! त्याने काकांना मिठी मारली. मग अनिकाला मारली. घोडी मागे सरकली नसती तर तिलाही मारली असती. घरी जाताना त्याने पुढच्या उजव्या चाकावर खडूने फुली मारली आणि त्याच्या जागी जादाचं चाक बसवायचं ठरवून टाकलं. प्रसन्न गाडी चालवत होता. एवढंच म्हणाला, “तरी माझी चाकं टायर चढवून ट्रेलरमध्ये टाकून ठेवतो.”

शनिवारी सकाळी वाळवंटात पोचल्यावर सुमंतला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच नोकरी केली. फेब्रुवारीचं ऊन, पेट्रोलचा वास, रांगेने उभ्या मस्टँग, कॅमारो, चॅलेंजर. कुणाचं बॉनेट उघडं, कुणाच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. दर मिनिटाला कुठलं तरी इंजिन गर्जत सुरू होई आणि छातीच्या बरगड्या आतून कोणीतरी वाजवल्यासारख्या होत. सुमंत जॅवलिनभोवती फिरत होता. आठ आरे, आठ आरे, आठ आरे, आठ आरे. फोटोतल्यासारखी. अगदी फोटोतल्यासारखी!

तपासणीला डार्लीन नावाच्या बाई होत्या. सत्तरीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज असा की इंजिनांनी गप्प बसावं. त्यांनी बेल्ट ओढून पाहिले, ब्रेक पाहिले, मग चाकांपाशी उकिडव्या बसल्या.

“मॅग्नेशियम. क्रॅक टेस्ट?”

सुमंतने काकांचा रिपोर्ट पुढे केला. डार्लीनबाईंनी तो दोनदा वाचला.

“इथे लिहिलंय की पेशंट कम्फर्टेबल आहे.”

“डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत,” सुमंत म्हणाला.

“आणि हा दवाखाना घोड्यांचा आहे.”

“यंत्र तेच असतं, मॅम.”

बाईंनी अनिकाच्या दवाखान्याचं नाव पुन्हा पाहिलं. त्यांच्या भावाचं खेचर तिथेच जायचं म्हणे, आणि आता छान चालतं. त्यांनी काचेवर हिरवा स्टिकर चिकटवला. सुमंतने तो स्टिकर पाहिला आणि प्रसन्नला दाखवला. प्रसन्नला दिसला होता. तरी दाखवला.

शर्यतीला अजून बराच वेळ होता. कांचनने तंबूत बटाटेवडे काढले. फुली मारलेलं चाक सुमंतला घरी ठेववलं नव्हतं, म्हणून तेही आलं होतं. आडवं ठेवून, वर मेणकापड टाकून कांचनने त्याचं टेबल केलं होतं. त्यावर थर्मास आणि चटणी. काका शेजारी खुर्चीत बसून आल्यागेल्याला आपला केस समजावून सांगत होते. तेवढ्यात एक टोपीवाले गृहस्थ आले. अशा मेळाव्यांना एक गृहस्थ असतातच, ज्यांची स्वतःची गाडी नसते आणि सगळ्यांच्या गाड्यांबद्दल त्यांना सगळं माहीत असतं.

“हे ओरिजिनल चाक आहे,” ते मेणकापड उचलून म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं. “ह्याच्यावर तुम्ही सॉस ठेवलाय?”

“चटणी,” काका म्हणाले. “फ्रॅक्चर आहे त्याला. अनिका, फोटो दाखव गं यांना.”

अनिकाने एका हातात वडा धरून दुसऱ्या हाताने फोनवर तेच पाच फोटो उघडले. काकांनी फोन घेतला आणि बोट ठेवलं.

“हे पाहा. वर, डावीकडे. म्हणजे राइट फ्रंट.”

टोपीवाल्यांनी पाहिलं. “डावीकडे आहे, तर राइट कसं?”

“सिंपल,” काका प्रेमाने म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हे सांगितलं होतं. “एक्स-रे बघताना पेशंट तुमच्यासमोर उभा असतो. तुमच्याकडे तोंड करून. तुमची डावी बाजू ती त्याची उजवी.”

अनिकाचा वडा तोंडापर्यंत जाऊन थांबला.

“काका,” ती म्हणाली. “द कार वॉज नॉट फेसिंग यू.”

“म्हणजे?”

“मी ड्रायव्हरच्या सीटवरून लावले होते. डावं डावीकडे. इट्स अ कार, काका!”

शेजारच्या तंबूत कोणीतरी इंजिन बंद केलं, आणि ते नेमकं त्याच वेळी का केलं असा सगळ्यांना राग आला. काकांनी फोन हळूच गुडघ्यावर ठेवला. सगळ्यांनी आधी चटणीकडे पाहिलं. तिच्याखालचं चाक ठणठणीत होतं. मग सगळ्यांनी जॅवलिनकडे पाहिलं. तिच्या पुढच्या डाव्या बाजूला, नव्या टायरमध्ये, हिरव्या स्टिकरसह, चिरलेलं चाक उभं होतं. हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पळायचा. म्हणजे बहुतेक वळणं उजवीकडची, आणि उजवीकडे वळताना सगळी गाडी आपला भार पुढच्या डाव्या चाकावर टाकते. सुमंतला हे कोणी सांगायची गरज नव्हती. फोटोत तेच तर दिसत होतं.

“चूक माझी,” काका म्हणाले. त्यांचा टाय एकदम मोठा दिसायला लागला.

“काका, असं काही नाही,” प्रसन्न घाईने म्हणाला. मग त्याने सुमंतला बाजूला ओढलं. “ऐक. चटणी उचल. हे टेबलचं चाक चांगलं आहे ना? टायर बदलू, डावीकडे लावू. चारही ओरिजिनल. स्टिकर लागलेला आहे. कोणाला काय कळतंय?”

सुमंतने चटणीकडे पाहिलं. खरंच, किती सोपं होतं. आठ आरे, आठ आरे, आठ आरे, आठ आरे. फोटोतल्यासारखं. टायरवाल्याचा तंबू समोरच होता. चाक उचलायला त्याचे हात पुढेही झाले. आणि नेमकं तेव्हाच, कुठून कोण जाणे, त्याच्या डोक्यात एक बाई उभी राहिली. फीनिक्सच्या प्लँटमधली, त्याच्या हाताखालची. वेफरच्या डब्यांवरची लेबलं अदलाबदल झाली होती आणि ती काकुळतीला येऊन म्हणत होती, सर, एकच तर चुकलंय, बाकीची बरोबर असणार. आणि सुमंत तिला म्हणाला होता, एक लेबल चुकलं म्हणजे बाकीची बरोबर आहेत हे तुला कोणी सांगितलं? फेका सगळं.

त्याने कांचनकडे पाहिलं. कांचन काहीच बोलत नव्हती. पस्तीस वर्षांत हे फार कमी वेळा झालं होतं आणि एकदाही चांगल्यासाठी झालं नव्हतं.

“आलो,” तो म्हणाला आणि डार्लीनबाईंच्या तंबूकडे चालायला लागला. चालताना त्याला आपलाच इतका संताप आला होता की वाटेत एका कॅमारोवाल्याने हात केला तर त्याने त्याच्याकडे बघून नुसते दात दाखवले.

डार्लीनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. घोडी, टाय, स्क्रीन, चटणी. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. मग त्या कपाटातून तीन डबे घेऊन आल्या. जॅकवर गाडी चढली, पुढचं डावं चाक निघालं. बाईंनी आऱ्याचं मूळ पुसून स्वच्छ केलं, त्यावर लाल रंग फवारला, तो मुरू दिला, पुसून टाकला आणि वरून पांढरी पावडर मारली. सगळे वाकून बघत होते. आधी काहीच नव्हतं. मग त्या पांढऱ्यावर, हळूहळू, आतून वर येत, एक बारीक लाल रेघ उमटली.

“भांगात कुंकू भरल्यासारखी,” कांचन हळूच म्हणाली.

“काकांनी बरोबर पाहिलं होतं,” अनिका म्हणाली. “जागा एक्झॅक्ट आहे.”

काकांनी मान हलवली, पण खुर्चीतून उठले नाहीत.

“बाकीची चार चांगली असतीलही,” डार्लीनबाई हात पुसत म्हणाल्या. “पण कुठलं कुठलं हे मला आता माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. आज कुठलंच मॅग्नेशियम चालणार नाही.” त्यांनी काचेवरचा हिरवा स्टिकर नखाने सोलून काढला. “दुसरी चाकं आहेत? शर्यतीआधीचा पाच मिनिटांचा भोंगा वाजण्याआधी लावून दाखवलीत तर बघते. भोंग्यानंतर मी स्टिकर लावत नाही. माझ्या नवऱ्यालाही नव्हता लावला.”

सुमंतने प्रसन्नकडे पाहिलं. प्रसन्नने या क्षणाची बुधवारपासून वाट पाहिली होती, आणि आता तो आला तर बिचाऱ्याला एक टोमणा सुचेना. तो ट्रेलरकडे धावत सुटला.

पुढे जे झालं त्याला मंडळाच्या इतिहासात तोड नाही, कारण कुठलीही मीटिंग न होता झालं. प्रसन्न आणि अनिका चाकं गडगडवत आणत होते. सुमंत पाना घेऊन गाडीभोवती पळत होता. “नट वेगळे! याचे नट वेगळे! निमुळते, निमुळते!” तो ओरडला, आणि कांचनने ते आधीच पदरात... पदर नव्हता, टी-शर्टच्या ओच्यात धरलेले होते. टोपीवाल्या गृहस्थांनी जॅक धरला. कोणी सांगितलं नव्हतं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, गोल गोल नाही. सुमंतने ते ओरडून सांगितलं, मराठीत, आणि टोपीवाल्यांनाही कळलं.

“काका, इकडे या!” सुमंत हाक मारत म्हणाला.

“मी नको रे,” काका म्हणाले. “माझ्यावर आता काही सोपवू नका.”

“काका, वेळ नाहीये! हा पाना पुरेसा आवळला की क्लिक करतो. या आवाजात मला ऐकू येत नाहीये. तुम्ही कान लावा.”

काकांनी कानातलं यंत्र वाढवलं, टाय खांद्यावर टाकला आणि चाकाशी वाकले. “क्लिक,” ते म्हणाले. “क्लिक. थांब, हा नाही आला. पुन्हा. क्लिक!” चौथ्या चाकाला पोचेपर्यंत ते ओरडत होते आणि शेजारच्या तंबूतली माणसंही त्यांच्याबरोबर “क्लिक!” ओरडायला लागली होती.

डार्लीनबाई आल्या. प्रत्येक चाक त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा. शेवटच्या चाकाशी त्या इतका वेळ थांबल्या की सुमंतला वाटलं, आता रडू येणार, आणि ते हेल्मेटच्या आत येणार. बाईंनी काचेवर हिरवा स्टिकर थापला. त्यांचा हात काचेवरून निघाला आणि भोंगा वाजला.

“जा,” त्या म्हणाल्या.

जॅवलिन गर्जत निघाली. टोपीवाले गृहस्थ जॅक बाजूला ठेवून जमलेल्या लोकांना सांगत होते, की ही गाडी त्या काळी याच पाच आऱ्यांच्या चाकांवर पळायची. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे.

सुमंत सगळ्यात शेवटच्या ओळीत उभा होता. पुढे बावीस गाड्यांची ढुंगणं आणि त्यांचा धूर. हिरवा झेंडा पडला, त्याने पाय दाबला आणि सीटने त्याला पाठीत गुद्दा घातला. पहिलं वळण आलं तेव्हा त्याला शर्यतीच्या शाळेत शिकवलेलं एकही वाक्य आठवेना. हात आपोआप वळले, गाडी डावीकडे कलली, कलली, अजून कलली, आणि धरून राहिली! धरून राहिली! “अरे बापरे!” तो हेल्मेटमध्ये ओरडला. “अरे बापरे बापरे बापरे!” सरळ रस्ता आला. गिअर. डोंगर धावत आले. ब्रेक. पुन्हा वळण. निवडुंग, माणसं, झेंडे, सगळं एकत्र पुसून निघालं. त्याच्या घशातून जो आवाज निघत होता तो त्याला स्वतःला अनोळखी होता, आणि चिपच्या कंपनीत कोणी तो ऐकला असता तर नक्कीच जिन्याने गेलं असतं.

तिसऱ्या फेरीला त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. चाकं दिसत नाहीत. आतून बघितलं तर समोर बॉनेट, बाजूला आरसा, आरशात वाळवंट. स्वतःच्या गाडीची चाकं ड्रायव्हरला कुठूनही दिसत नाहीत. तीन वर्षं, ओहायो, गालिचा, घोडी... आणि दिसतच नाहीत! दिसतात ती दुसऱ्याची. त्याच्या पुढे एक निळी मस्टँग होती, आणि तिची चाकं आठ आऱ्यांची होती. बारीक, सरळ, उन्हात भिंगरीसारखी. सुमंत त्यांच्या मागे लागला. दोन फेऱ्या तो त्या चाकांच्या मागे मागे राहिला, इतक्या जवळून बघत, की आपण शर्यतीत आहोत हे त्याला मधूनच आठवायचं. मग शेवटच्या फेरीत, मोठ्या उजव्या वळणावर, मस्टँग जरा जास्त जोरात गेली, मागून सटकली आणि गोल फिरून वाळूत तोंड वळवून उभी राहिली. सुमंत तिच्या शेजारून गेला. त्याने हॉर्न शोधला. हॉर्न नव्हता.

तंबूपाशी परत आला तेव्हा त्याला बेल्ट सोडता येईना. कांचनने खिडकीतून हात घालून तो सोडला.

“एकाला मागे टाकलं,” तो हेल्मेट काढण्याआधीच म्हणाला.

“बघितलं. तो गोल फिरला.”

“मागे पडला की नाही?”

“पडला.”

“मग टाकलं.”

“टाकलंस,” कांचन म्हणाली. तिने त्याचं हेल्मेट ओढून काढलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद, डोळे असे की तिने सवयीने आधी त्याची नाडी धरली. ती भरभर पळत होती, पण नीट पळत होती.

डार्लीनबाई वहीत काहीतरी लिहीत जवळून जात होत्या. “दुपारी दुसरी शर्यत आहे,” त्या न थांबता म्हणाल्या. “नाव घालू?”

सुमंतने तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की हा प्रश्न आपल्याला विचारलेला असला तरी उत्तर आपण द्यायचं नसतं. तो कांचनकडे बघत राहिला.

कांचनने त्याची नाडी सोडली, पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि जमिनीवर पडलेला पाना उचलला.

“काका,” तिने हाक मारली, “या इकडे. नट परत बघायचे आहेत.”